हेरोद राजाचे मरण : आज्ञेने न मिळालेले अश्रू

शास्त्रवाचन : मत्तय २:१३-२३, २ इतिहास २१:४-२०, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२

नाताळच्या दिवसांत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय अनेक मंडळ्यांत वाचला जातो. मागी लोक, तारा, बाळाला घेऊन मरीया व योसेफ यांनी केलेले मिसरप्रयाण, बेथलेहेमातील मातांचा आकांत, हे सारे प्रसंग आपल्या परिचयाचे आहेत. परंतु एकोणिसाव्या वचनाच्या प्रारंभी जी लहानशी नोंद आहे तिच्यापाशी आपण क्वचितच थांबतो. हेरोद मरण पावला, एवढेच मत्तय सांगतो आणि लगेच त्याची दृष्टी मिसरात असलेल्या योसेफाकडे वळते. ज्याच्या नावाने सारे यरुशलेम घाबरून जात असे, त्या राजाच्या अंताला शुभवर्तमानात अर्ध्या वाक्याचीही जागा मिळालेली नाही.

ह्याच राजाचे दुखणे, मरण व दफन ह्यांविषयी यहूदी इतिहासकार योसेफस याने मात्र पुष्कळ पाने लिहिली आहेत. योसेफस इ. स. ३७ मध्ये जन्मला, म्हणजे हेरोदाच्या मरणानंतर सुमारे चाळीस वर्षांनी. तथापि त्याच्या माहितीचा मोठा भाग दिमिष्कचा निकोलस याच्या लेखनावर आधारलेला होता, आणि हा निकोलस हेरोदाच्या दरबारात वावरलेला, त्याच्या विश्वासातला विद्वान होता. म्हणून शुभवर्तमान व इतिहास ही दोन्ही पाने शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर मत्तयाने जे सांगितले त्याचा आणि जे सांगितले नाही त्याचाही अर्थ अधिक स्पष्ट होतो.

कोण हा हेरोद?

नव्या करारात हेरोद हे नाव एकाहून अधिक व्यक्तींना लावलेले आहे. त्यामुळे वाचकांचा घोटाळा होतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद करविणारा आणि प्रभू येशूची चौकशी करणारा तो हेरोद अंतिपास, आपल्या हेरोदाचा मुलगा. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात ज्याचे मरण वर्णिले आहे तो हेरोद अग्रिप्पा, आपल्या हेरोदाचा नातू. आपण ज्याचा विचार करीत आहोत तो ह्या घराण्याचा मूळ पुरुष, ज्याला इतिहासात ‘थोरला हेरोद’ म्हणतात.

तो इदोमी वंशातला होता. इ. स. पूर्व ४० मध्ये रोमी सिनेटने त्याला यहूदीयाचा राजा ठरविले आणि इ. स. पूर्व ३७ मध्ये यरुशलेम जिंकून तो प्रत्यक्ष राज्य करू लागला. त्याचे सारेच कार्य वाईट होते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. यरुशलेमातील मंदिराची भव्य पुनर्बांधणी त्याने सुरू केली. कैसरिया हे बंदर वसविले. देशात भयंकर दुष्काळ पडला तेव्हा आपल्या वाड्यातील सोन्यारुप्याच्या वस्तू मोडून त्याने मिसरातून धान्य आणविले व लोकांचे प्राण वाचविले.

परंतु संशय हा त्याच्या जिवाला जडलेला खरा रोग होता. ज्या मरियम्नेवर त्याचे अतोनात प्रेम होते, त्या राणीला त्याने इ. स. पूर्व २९ मध्ये ठार करविले. तिच्यापासून झालेले अलेक्झांडर व अरिस्तोबूल हे दोन मुलगे इ. स. पूर्व ७ मध्ये गळा आवळून मारण्यात आले. सिंहासनाकडे ज्याची दृष्टी वळली असे वाटेल तो आपला वैरी, मग तो पोटचा मुलगा का असेना, हा त्याचा न्याय होता. अशा राजाने बेथलेहेमातील कोणा नव्या राजाची वार्ता ऐकून काय केले असेल, हे समजणे कठीण नाही.

येथे एक शंका पुष्कळांना येते. हेरोद इ. स. पूर्व ४ च्या वसंत ऋतूत, वल्हांडण सणाच्या थोडे आधी वारला, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. मग ख्रिस्ताचा जन्म ‘ख्रिस्तपूर्व’ कसा? त्याचे उत्तर सोपे आहे. ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत डायोनिसियस नावाच्या मठवाशाने सहाव्या शतकात बसविली आणि तिच्या गणनेत काही वर्षांची चूक राहिली. चूक दिनदर्शिकेची आहे, शुभवर्तमानाची नव्हे.

अखेरचे दुखणे

राजाचे वय सत्तरीच्या जवळ आले होते. तो असाध्य दुखण्याने पडला आहे अशी बातमी पसरताच यरुशलेमात एक प्रकरण घडले. हेरोदाने मंदिराच्या महाद्वारावर सोन्याचा एक मोठा गरुड बसविला होता. मंदिरावर प्राण्याची प्रतिमा असावी हे नियमशास्त्राच्या विरुद्ध होते. यहूदा व मत्तिया ह्या दोन आदरणीय शास्त्रपंडितांच्या शिकवणीने पेटलेले काही तरुण भर दुपारी दोरांच्या साहाय्याने वरून खाली उतरले आणि त्यांनी कुऱ्हाडींनी तो गरुड तोडून टाकला. सुमारे चाळीस तरुण पकडले गेले. राजाला उभे राहवत नव्हते, तरी तो पलंगावर पडून न्याय करण्यास आला. दोघा गुरूंना आणि प्रत्यक्ष गरुड तोडणाऱ्यांना त्याने जिवंत जाळविले. हे प्रकरण वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण राजाच्या दफनानंतर ते पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

त्यानंतर दुखणे झपाट्याने वाढले. अंगात मंद आग पेटल्यासारखा दाह, न शमणारी भूक, आतड्यांत व्रण व तीव्र वेदना, पायांना सूज, धाप, झटके, आणि गुह्यभागी मांस कुजून त्यात पडलेले किडे, अशी लक्षणे योसेफसने नोंदविली आहेत. इ. स. २००२ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय परिषदेत डॉ. जान हर्शमन यांनी ह्या लक्षणांचा विचार करून असे मत मांडले की, मूत्रपिंडांचा जुनाट विकार व त्यातच झालेला गँग्रीन हे ह्या मरणाचे कारण असावे. दोन हजार वर्षांनी केलेले हे निदान अर्थातच अनुमान आहे.

वैद्यांनी त्याला यार्देनेच्या पलीकडे, मृत समुद्राच्या काठी असलेल्या कल्लिऱ्होए येथील उन्हाळ्यांवर नेले. तेथे त्याला कोमट तेलाने भरलेल्या टाकीत उतरविले. त्याबरोबर त्याची शुद्ध हरपली व डोळे फिरले. सेवकांनी केलेल्या आरडाओरड्याने तो भानावर आला. आता बरे होण्याची आशा नाही हे त्याने ओळखले, सैनिकांना प्रत्येकी पन्नास द्राख्मा वाटण्याची आज्ञा केली आणि तो यरीहोला परतला.

यरीहोतील हुकूम

खजूरवनांच्या ह्या रमणीय नगरात हेरोदाचा हिवाळी वाडा होता. येथे त्याने आयुष्यातील शेवटची मोठी योजना आखली. यहूदीयाच्या गावोगावचे नामांकित पुरुष त्याने बोलावून घेतले आणि घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानात त्यांना कोंडले. मग बहीण सलोमे व तिचा पती अलेक्सास यांना जवळ बोलावून त्याने सांगितले की, माझा प्राण जाताच सैनिकांकरवी ह्या सर्वांना ठार करा. त्यामागचा त्याचा विचार योसेफसने लिहून ठेवला आहे. आपल्या मरणाने लोक सण साजरा करतील हे हेरोदाला ठाऊक होते. म्हणून आपल्यासाठी नव्हे तरी आपल्या मरणदिवशी प्रत्येक घरी रडे झाले पाहिजे, अशी त्याची इच्छा होती.

वाचकहो, ह्या हुकमाकडे नीट पाहा. सत्ता, संपत्ती, सैन्य, किल्ले, मंदिराचे वैभव, सारे काही ज्याच्यापाशी होते, त्याला अखेरच्या घटकेस एकाच गोष्टीची उणीव जाणवली. आपल्यासाठी रडणारे कोणी नाही! हे सत्य त्याला कळले होते. परंतु कळल्यावर त्याने काय केले? त्याने क्षमा मागितली नाही, तुरुंग उघडले नाहीत. आयुष्यभर ज्या रीतीने सर्व काही मिळविले, त्याच रीतीने अश्रूही मिळविण्याचा त्याने प्रयत्न केला.

ह्याच सुमारास रोमहून औगुस्त कैसराचे पत्र आले. थोरला मुलगा अंतिपात्र कटाच्या आरोपावरून कैदेत होता. त्याचे काय करावे ते कैसराने बापावर सोपविले. त्या दिवशी राजाला थोडे बरे वाटले. पुढे वेदना पुन्हा असह्य झाल्या तेव्हा त्याने फळ व ते सोलण्यास सुरी मागितली आणि ती स्वतःवरच उगारली. जवळ असलेल्या अखियाब नावाच्या नातलगाने त्याचा हात धरला. वाड्यात एकच हलकल्लोळ झाला. तो ऐकून, बाप मेला असे समजून अंतिपात्राने पहारेकऱ्याला लाच देऊ केली. ही गोष्ट कानी पडताच हेरोदाने त्याच क्षणी त्याचा वध करविला. त्यानंतर पाचव्या दिवशी तो स्वतः मरण पावला.

आणि मैदानात कोंडलेल्या त्या पुरुषांचे काय झाले? सलोमे ही काही कोमल मनाची स्त्री नव्हती. राजवाड्यातील अनेक कारस्थानांत तिचा हात होता. पण राजाच्या मरणाची वार्ता फुटण्यापूर्वीच तिने व अलेक्सासाने त्या सर्वांना सोडून दिले. राजाचीच आज्ञा आहे, आपापल्या घरी जा, असे त्यांना सांगण्यात आले. ज्या राजाचा शब्द पडू देण्याची कोणाची छाती नव्हती, त्याचा शेवटचा हुकूम त्याच्या सख्ख्या बहिणीने मोडला.

सोन्याची तिरडी

मुलगा अर्खेलाव याने दफनविधीत कशाचीही उणीव ठेवली नाही. तिरडी भरीव सोन्याची होती व तिच्यात रत्ने जडविली होती. प्रेतावर जांभळे राजवस्त्र, मस्तकी मुकुट, उजव्या हाती राजदंड. तिरडीभोवती मुलगे व आप्तजन चालत होते. त्यांच्यामागे राजाचे अंगरक्षक, मग थ्रेस, जर्मानिया व गॉल येथील पलटणी, सर्व जण युद्धाला निघाल्याप्रमाणे शस्त्रसज्ज. त्यांच्यामागे उरलेले सैन्य आणि पाठोपाठ सुगंधी द्रव्ये घेतलेले पाचशे सेवक.

ही यात्रा हेरोदियोन येथे गेली. यरुशलेमच्या दक्षिणेस सुमारे बारा किलोमीटरांवर असलेली ही टेकडी हेरोदाने भर घालून शंकूच्या आकाराची केली होती आणि तिला स्वतःचे नाव दिले होते. बेथलेहेमपासून ती जेमतेम पाच किलोमीटर आहे, तेथून डोळ्यांना दिसते. ज्या गावातील बालके त्याने मारविली, त्याच गावाच्या नजरेसमोर त्याला पुरण्यात आले.

पुराणवस्तुसंशोधक एहूद नेत्झर हे १९७२ पासून ह्या टेकडीवर उत्खनन करीत होते. मे २००७ मध्ये त्यांनी टेकडीच्या उतारावर सापडलेली कबर हेरोदाची असल्याचे जाहीर केले. काही अभ्यासकांना हे मान्य नाही. तेथे तांबूस दगडाच्या एका सुंदर शवपेटीचे शेकडो तुकडे मिळाले. ती आपोआप फुटलेली नसून मुद्दाम फोडलेली होती. इ. स. ६६ नंतर रोमी सत्तेविरुद्ध उठलेल्या यहूदी बंडखोरांनी ती फोडली असावी, असा नेत्झर यांचा तर्क होता.

नगरात उठलेला आक्रोश

अर्खेलावाने सात दिवस शोक पाळला व लोकांना मोठी मेजवानी दिली. मग पांढरी वस्त्रे घालून तो मंदिरात गेला व सोन्याच्या आसनावर बसला. लोकांनी त्याचा जयघोष केला. पण त्याच दिवशी संध्याकाळच्या सुमारास पुष्कळ लोक एकत्र जमले आणि राजासाठी पाळावयाचा शोक संपतो न संपतो तोच त्यांनी स्वतःचा शोक आरंभिला. तो शोक हेरोदासाठी नव्हता. सोन्याच्या गरुडामुळे जे जाळले गेले, त्या गुरूंसाठी व तरुणांसाठी तो होता. योसेफस म्हणतो की तो आक्रोश दबक्या आवाजातला नव्हता, साऱ्या नगरात तो ऐकू येत होता.

हेरोदाला यरुशलेमात रडे हवे होते. रडे झाले. परंतु ज्यांना त्याने मारले त्यांच्यासाठी झाले.

आता पुन्हा मत्तयाकडे वळू या. त्याच्या दुसऱ्या अध्यायात रडण्याचा उल्लेख एकदाच येतो, आणि तो राजाच्या मरणाशी नव्हे तर बेथलेहेमच्या बालकांशी जोडलेला आहे. यिर्मयाच्या वचनाची आठवण देऊन मत्तय सांगतो की राहेल आपल्या मुलांसाठी विलाप करीत आहे आणि तिचे सांत्वन होऊ शकत नाही (मत्तय २:१७-१८). योसेफसला बेथलेहेमचे हत्याकांड ठाऊक नव्हते किंवा त्याने ते लिहिले नाही. मत्तयाने गरुडाचे प्रकरण लिहिले नाही. तरी दोघांच्याही लेखनात अश्रू एकाच बाजूला वाहतात. राजासाठी नव्हे, त्याने ज्यांचा प्राण घेतला त्यांच्यासाठी.

आपण काय शिकावे?

१. दुखण्यावरून माणसाचा न्याय करू नये. हेरोदाचा आजार हा देवाने दिलेला दंड होता, असे त्या काळच्या लोकांनी मानले. त्याची लक्षणे वाचताना आपल्याही मनात तेच येते. पण मत्तय ह्याविषयी संपूर्ण मौन पाळतो. आजाराचे नावही तो घेत नाही. ईयोब गळवांनी भरला होता आणि तो निर्दोष होता. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारलेला प्रश्न प्रभूने बाजूस सारला (योहान ९:१-३). आपल्या मंडळीत कोणी दीर्घ व किळसवाण्या वाटणाऱ्या रोगाने खितपत असेल, तर हेरोदाची गोष्ट त्याच्या उशाशी नेऊ नये. हेरोदाचा दोष त्याच्या व्रणांत नव्हता, त्याच्या हुकमांत होता.

२. प्रेम व शोक ह्यांवर राजाचीही सत्ता चालत नाही. जुन्या करारातील यहोराम राजाने गादीवर बसताच आपल्या सर्व भावांना मारले. तोही आतड्यांच्या रोगाने वारला. त्याच्या पूर्वजांच्या सन्मानार्थ जसे सुगंधी द्रव्यांचे दहन झाले तसे त्याच्यासाठी झाले नाही आणि त्याच्या जाण्याची हळहळ कोणालाही वाटली नाही (२ इतिहास २१:१८-२०). उलट योशीयासाठी साऱ्या यहूदाने व यरुशलेमाने शोक केला आणि यिर्मया संदेष्ट्याने विलापगीत रचले (२ इतिहास ३५:२४-२५). दोघेही राजेच होते.

३. शेवटची घटकाही देवाने दिलेली संधी आहे. मरणापूर्वी हेरोदाला वेळ मिळाला, बुद्धी शाबूत होती, आणि मैदानातील शेकडो कुटुंबांना सुखी करणे एका शब्दाने शक्य होते. प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या अपराध्यापाशी ह्यांतले जवळजवळ काहीच नव्हते, तरी त्याने तेवढ्या अवकाशात आपला दोष कबूल केला व प्रभूला विनंती केली (लूक २३:४०-४३). आयुष्यभराची सवय मरणकाळी आपोआप सुटत नाही. म्हणून क्षमा मागणे व क्षमा करणे, ह्यांचा अभ्यास आजच सुरू करावा.

४. जुलमी माणूस गेला म्हणजे संकट संपलेच असे नाही. हेरोद मेला, पण अर्खेलाव आला. योसेफाला त्याचे भय वाटले व ते भय खोटे नव्हते. त्याच वर्षी वल्हांडणाच्या सणात अर्खेलावाच्या सैन्याने मंदिराच्या परिसरात सुमारे तीन हजार माणसे कापून काढली, असे योसेफस सांगतो. देवाने योसेफाच्या भीतीची निर्भर्त्सना केली नाही. स्वप्नात सूचना देऊन त्याला गालीलाकडे वळविले. विश्वास आणि सावधपणा हे परस्परांचे वैरी नाहीत.

दुसरा राजा

मागी लोकांनी यरुशलेमात येऊन यहूद्यांचा राजा कोठे आहे असे विचारले, तेव्हा त्या पदावर हेरोद बसलेला होता. पुढे तेच पद उपहासाने एका पाटीवर लिहिले गेले व वधस्तंभावर लावले गेले. त्या राजाच्या मागोमाग चालणाऱ्या स्त्रिया ऊर बडवून रडत होत्या. त्यांना कोणी आज्ञा केली नव्हती, किंबहुना सैनिकांच्या देखत रडणे धोक्याचेच होते. आणि त्याने त्यांचे अश्रू स्वतःसाठी राखले नाहीत. माझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी व आपल्या मुलाबाळांसाठी रडा, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता (लूक २३:२७-२८). एक राजा मरताना परक्यांच्या मुलांचे प्राण मागतो, तर दुसरा मरताना परक्यांच्या मुलांची काळजी वाहतो. ह्या दोन मरणांतील भेद समजण्यास पांडित्य लागत नाही.

दफनाची व्यवस्था नीट व्हावी, कबरीवर नाव असावे, चार माणसे जमावीत, ही इच्छा वाईट नाही. निकदेमानेही प्रभूच्या देहासाठी सुगंधी द्रव्ये आणली होती. पण यापो येथील टबीथेच्या मरणाचे वर्णन वाचा. तिच्या घरी पाचशे सेवक नव्हते. माडीवर विधवा जमल्या होत्या, त्या रडत होत्या आणि टबीथेने आपल्या हातांनी शिवलेले झगे व वस्त्रे पेत्राला दाखवीत होत्या. त्या कपड्यांचा एकेक टाका ज्या दिवशी घातला गेला, त्याच दिवशी त्या अश्रूंची बेगमी झाली होती. आपणही आज कोणासाठी काही शिवीत आहोत की नाही, एवढे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. मत्तयाने हेरोदाच्या आजाराचे व दफनाचे वर्णन का केले नसावे? त्या मौनातून आजाऱ्यांविषयीच्या आपल्या वृत्तीला कोणते वळण मिळते?

२. यहोराम व हेरोद ह्यांच्या जीवनातील साम्ये शोधा. दोघांनी सत्ता टिकविण्यासाठी काय गमावले?

३. सलोमेने राजाचा हुकूम मोडला, हे योग्य होते काय? निर्गम १:१५-२१ मधील सुइणींच्या वृत्तान्ताशी तुलना करा.

४. आपल्या कुटुंबात किंवा मंडळीत असे कोणी आहे काय, ज्याच्याशी समेट करणे आपण पुढे ढकलीत आलो आहोत? ह्या आठवड्यात त्या दिशेने कोणते पाऊल टाकता येईल?